बेळगाव, बॅप्टिस्ट आणि मराठी
प्रश्न असा, बेळगावातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्या बॅप्टिस्ट (जाणत्या वयात, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारा प्रोटेस्टंट पंथ) होत्या का? नाही. १८२० मध्ये मिशनरी जोसेफ टेलर इथं आले ते लंडन मिशनरी सोसायटीतर्फे, ती बॅप्टिस्टांची संस्था नव्हे. १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडे, म्हणजे आणखी एका प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं.

पण आपल्या मराठीवर बॅप्टिस्टांचे उपकार आहेतच. मिशनरी विल्यम केरी बॅप्टिस्ट. बंगालमधल्या श्रीरामपुरात (नगरचं नव्हे) त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं, पुढे १८१० मध्ये कोश, तोही मोडीत! सोबतीला पंडित वैजनाथ होते. हे नाव विसरू नका.

माझ्या आजीचा बाप्तिस्मा मार्कंडेय नदीत बुडवून झाला. तिच्या गीतांच्या वहीत पुढून मराठी गीतं आहेत, मागून कानडी, पण तीही देवनागरीत उतरवलेली. वही अजून जपून ठेवलीय.