मदत हवी आहे: "छातीत दुखत नाही" म्हणणाऱ्या पेशंटचा ईसीजी वेळेत कसा व्हावा?

नमस्कार. मी स्टाफ नर्स आहे. ६ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, २ महिन्यांपूर्वी कॅज्युअल्टीत बदली झाली. वॉर्डात पेशंट येतो तेव्हा केसपेपरवर निदान लिहिलेलं असतं. इथे नुसती तक्रार असते, तीही पेशंटच्या शब्दांत.

मागच्या आठवड्यातली एक रात्रपाळी डोक्यातून जात नाही. साठीच्या एक बाई मुलाबरोबर स्वतःच्या पायांनी चालत आल्या. जुना डायबेटिस. मी विचारलं, "छातीत दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "दुखत नाही हो. ॲसिडिटी वाढलीय, जबडा आवळल्यासारखा झालाय, आणि जरा दम लागतोय." बीपी १३०/८०, नाडी ९२, ऑक्सिजन ९६. मी त्यांना बाकावर बसवलं आणि अपघाताच्या पेशंटकडे वळले. ४० मिनिटांनी मुलानं हाक मारली. बाई हातरुमालानं सारखा वरचा ओठ टिपत होत्या, रुमाल पिळण्याइतका ओला झाला होता. ईसीजी काढला, तर दोन, तीन आणि एव्हीएफ या रेघांमध्ये एसटी एलिव्हेशन, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका. डॉक्टरांनी ताबडतोब कॅथलॅबला (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीत) हलवलं. त्या बऱ्या आहेत, चालत घरी गेल्या. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण ती ४० मिनिटं माझ्यामुळे गेली, हे मला माहीत आहे.

पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, मॉनिटर, आयव्ही (शिरेतली सुई), रक्ताचे नमुने हे सगळं मला पाठ आहे. अडतं ते त्याच्या आधी. रात्री २ सिस्टर, १ ईसीजी मशीन आणि बाहेर रांग. यातला कोणता पेशंट "छातीत दुखण्याचा" धरायचा, हे ठरवताना मी चुकले. तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता?

दुसरं असं, की पहिला ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर "गॅस असेल" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले, पण पेशंटचा चेहरा मला ठीक वाटत नाही, तर काय म्हणायचं? नुसतं "मला बरोबर वाटत नाही" म्हटलं की ते हवेत विरून जातं.

आणि त्या बाईंच्या वेळी जिभेखालची सॉर्बिट्रेट (नायट्रेटची गोळी) मी हातात घेतली होती. डॉक्टरांनी ती थांबवली आणि उजव्या बाजूचा ईसीजी काढायला सांगितला. लीड (छातीवर चिकटवायची ईसीजीची तार) कुठे लावायची तेच मला उमगेना. गोळी का थांबवली, हे विचारायला तेव्हा वेळ नव्हता. ऑक्सिजनचा मास्कही त्यांनी काढायला लावला. कृपया कुणीतरी नीट समजावून सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी १९ वर्षं कॅज्युअल्टीत आहे. "दुखतंय का?" हा प्रश्न मी कधीच सोडून दिला. "काय होतंय? हात ठेवून दाखवा," एवढंच विचारते. मग कुणी मूठ छातीवर ठेवतं, कुणी गळ्यापर्यंत तळवा फिरवतं. शब्द येतात ते आवळल्यासारखं, जड झाल्यासारखं, भरून आल्यासारखं, जळजळ. "दुखतं" हा शब्द कित्येकांच्या तोंडी येतच नाही, आणि बायका, म्हातारी माणसं, डायबेटिसवाले यांच्यात तर फारच कमी. नुसता दम, घाम, मळमळ किंवा एकदम गळून गेल्यासारखं वाटणं, एवढ्यावरच ते कधी कधी येतात. म्हणून माझा स्वतःचा नियम असा: जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही तक्रार असेल आणि पेशंट चाळिशीपुढचा किंवा डायबेटिसचा असेल, तर आधी ईसीजी, मग केसपेपर. तरुण माणूस घामाघूम असेल तर त्याचंही वय बघत नाही. ईसीजीला ५ मिनिटं लागतात, आणि नॉर्मल निघाला म्हणून मला आजवर कुणी रागावलेलं नाही.

ईसीजीची पट्टी घाईत काढू नका. घाम पुसा, नाहीतर इलेक्ट्रोड सुटतात आणि रेघ नाचत राहते. छातीवरच्या व्ही-१ आणि व्ही-२ या लीड फार वर लागणं ही नेहमीची चूक. छातीच्या मधल्या हाडावर वरून बोट खाली आणलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत या. बाईमाणसाच्या व्ही-४ ला संकोचून स्तनावरच लीड चिकटवू नका. पडदा ओढा, काय करतोय ते सांगा आणि स्तनाखाली पाचव्या फटीतच लावा.

आता डॉक्टरांशी बोलणं. वाटण्याचं सांगू नका, बदल सांगा. "पहिला ईसीजी २:१० चा. त्रास अजून १० पैकी ७. घाम नव्यानं आलाय. नाडी ९२ ची ११० झाली. दुसरा ईसीजी काढतेय, तुम्ही येऊन बघा." असं सांगितल्यावर न येणारा डॉक्टर मी पाहिलेला नाही. एक नॉर्मल ईसीजी म्हणजे सुटका नव्हे. त्रास चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा, आणि जुना ईसीजी घरी असेल तर नातेवाइकांकडून मागवायचा. ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतं, ते वाढायला वेळ लागतो. म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहाच. अँटासिडनं किंवा नायट्रेटनं बरं वाटलं, यावरून त्रास हृदयाचा नाही असं धरू नका.

प्रतिसाद २

मी इमर्जन्सीचा डॉक्टर आहे. तुमचे डॉक्टर बरोबर होते. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात कधी कधी उजवा कप्पाही सापडतो. तो कप्पा रक्त भरून येण्यावर चालतो. नायट्रेटनं शिरा सैल पडतात, परत येणारं रक्त कमी होतं आणि बीपी धाडकन कोसळतं. अशा पेशंटला उलट सलाईन लागू शकतं. व्ही-४ डावीकडे जिथे लावता, त्याच जागी उजवीकडे लावायची, ती व्ही-४-आर. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तरीही नायट्रेट नाही. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेतलंय का, हे पुरुष पेशंटला नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. सगळ्यांसमोर तो "नाही"च म्हणणार.

ऑक्सिजन ९० च्या खाली असेल किंवा पेशंटला श्वास घ्यायला खूप त्रास होत असेल तर द्या. ९६ वर मास्कचा फायदा नाही.

दोन्ही हातांचं बीपी घ्यायची सवय लावा. फाडल्यासारखी एकदम आलेली, पाठीत जाणारी कळ आणि दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक असेल, तर महाधमनी फाटल्याची शंका घ्यायची. तिथे रक्त पातळ करणारं औषध जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ते जाण्याआधी आम्हाला गाठा. हृदयाच्या झटक्याची शंका असेल तर स्नायूत इंजेक्शन कुठलंच देऊ नका, गुठळी विरघळवायचं औषध द्यावं लागलं तर तिथे रक्त साचतं. आणि डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) खाटेशेजारी हवा. पहिल्या तासांत हृदयाची लय कधी बिघडेल सांगता येत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल दिवसपाळीत "हात ठेवून दाखवा" विचारलं. एका काकांनी दोन्ही कोपर धरले, छातीला हातच लावला नाही. ईसीजी ६ मिनिटांत झाला, बदल होते, आणि ते वेळेत पुढच्या उपचाराला गेले.

एक शंका राहिली. उजव्या बाजूला लीड लावली तरी मशीन कागदावर व्ही-४ च छापतं. ते तसंच ठेवायचं का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. पेननं व्ही-४ वर काट मारून व्ही-४-आर लिहा, शेजारी वेळ आणि सही. कोरं ठेवलंत तर पुढच्या पाळीचा माणूस ती डावीकडचीच पट्टी समजून वाचेल.