हिशेब आणि साठ्याच्या नोंदी क्लाउडवर नेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल आणि चादरींचा भागीदारीतील कारखाना आहे. सुताची खरेदी, मागांवरील उत्पादन, तयार मालाचा साठा आणि व्यापाऱ्यांची येणी या सर्व नोंदी कार्यालयातील एकाच संगणकावर आहेत. त्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर (सर्व्हरवर), नेण्याचा प्रस्ताव आला असून विक्रेता केवळ मासिक भाड्याबद्दल बोलतो. भाड्याव्यतिरिक्त आम्ही काय पाहावे?

उत्तर 1 : नमस्कार. उद्या सेवा बदलावी लागली, तर आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्कात परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावे; माझ्या मते भाड्याच्या घासाघिशीपेक्षा हे कलम अधिक मोलाचे आहे. काही सेवांमध्ये माहिती बाहेर काढताना तिच्या आकारमानानुसार वेगळे पैसे पडतात. तसेच मुख्य खाते विक्रेत्याच्या नव्हे, तर फर्मच्या ईमेलवर आणि भागीदाराच्या मोबाइलवर उघडलेले असावे.

उत्तर 2 : मी करसल्लागार आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. भाडे थांबले की सेवा बंद होते, ही जबाबदारी मात्र तशीच राहते. पुढे आपण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केलीत, तर कंपन्यांच्या लेखा नियमांतील 2022 च्या दुरुस्तीप्रमाणे हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक होईल. मुंबई आणि पुणे परिसरात मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत, त्यामुळे ही अट पाळणे अवघड नाही. परंतु माहिती नेमकी कोठे राहील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वसाहतीत इंटरनेट मधूनमधून बंद पडते, तेव्हा माल रवाना करण्याचे काम अडणार नाही का?

उत्तर 3 : ई-वे बिलासाठी (माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्यासाठी) आपल्याला आजही इंटरनेट लागतेच, म्हणून दुसऱ्या कंपनीची पर्यायी जोडणी तशीही आवश्यक आहे. जोडणी नसताना माल पाठवण्याचे चलन (डिलिव्हरी चलन) तयार करून नंतर नोंद जुळवता येते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. एक आग्रहाची विनंती: सुरुवातीला सर्व काम हलवू नये, आधी केवळ बॅकअप, म्हणजे नोंदींची राखीव प्रत, क्लाउडवर ठेवावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उतरवून मागील महिन्याची येणी जुळतात का, हे तपासावे. जो बॅकअप कधी उतरवून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर जुना संगणक मोडीत काढू नये.