क्लिनिकलचे बुडालेले तास आणि केसबुकातील नोंदी : मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (बी.एस्सी. नर्सिंग, दुसरे सत्र)

नमस्कार. मी मूळची चंदगड तालुक्यातील असून सध्या कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी.एस्सी. नर्सिंग करत आहे. टायफॉइड झाल्यामुळे माझे क्लिनिकल पोस्टिंगचे (रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून शिकण्याचे) ९ दिवस, म्हणजे दिवसाला ६ तास धरून ५४ तास बुडाले. या सत्रात नर्सिंग फाउंडेशन या विषयाच्या क्लिनिकलला ३२० तास आहेत; त्या हिशेबाने माझी हजेरी ८० टक्क्यांच्या वर राहते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्रही मी वेळेत दिले आहे. तरीही हे तास सुट्टीत भरून द्यावेच लागतील, असे वर्गशिक्षिका मॅडमनी सांगितले आहे. सुट्टीत काजूचा हंगाम असतो आणि घरी आई एकटी असते, त्यामुळे मला गावी जाणे गरजेचे वाटते.

दुसरी गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. आजारपणामुळे माझ्या केसबुकातील, म्हणजे स्वतः काळजी घेतलेल्या रुग्णांच्या वहीतील, काही रुग्णांच्या नोंदी राहिल्या आहेत. वरच्या वर्गातील ताईंचे केसबुक घेऊन नावे आणि आकडे बदलून पाने भरली तर कोणी विचारत नाही, असे मैत्रिणी सांगतात. हे खरोखर इतके गंभीर आहे का? जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर १ (नर्सिंग महाविद्यालयातील शिक्षिका)

प्रथम तब्येतीची काळजी घे. टायफॉइडनंतरचा अशक्तपणा बरेच दिवस राहतो, त्यामुळे वॉर्डात उभे राहण्याची ताकद आल्याशिवाय घाई करू नकोस.

तुझ्या मॅडमनी सांगितले ते बरोबर आहे. ८० टक्के हजेरी ही परीक्षेला बसण्यासाठीची अट आहे. पदवी हाती पडण्यापूर्वी मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार क्लिनिकलचे तास १०० टक्के पूर्ण झालेले असावे लागतात. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत, आणि दरवर्षी निम्मा वर्ग त्यांची गल्लत करतो. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रामुळे तुझी गैरहजेरी बेशिस्तीत धरली जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. त्याने तास भरून निघत नाहीत, कारण त्या ९ दिवसांत तू ज्यांना स्पंज बाथ दिला नाहीस, ज्यांचे ड्रेसिंग पाहिले नाहीस, ते शिकणे कोणत्याही कागदाने भरून येणारे नाही.

प्राचार्यांच्या नावे वर्गशिक्षिकांमार्फत लेखी अर्ज दे आणि कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखांना तास भरायचे हे लेखी मंजूर करून घे. वॉर्डातील सिस्टर इन्चार्जची सही त्याच दिवशी घ्यायची. आठवड्याच्या सह्या एकदम घेण्याची सवय लागली की तिथूनच खोट्या नोंदींना सुरुवात होते. सगळी सुट्टी जाईल असे समजू नकोस. ९ दिवस सलग केलेस तर उरलेल्या दिवसांत गावी जाता येईल.

केसबुकाबद्दल माझे मत कठोर आहे. न पाहिलेल्या रुग्णाची नोंद लिहिणे म्हणजे परीक्षेत नक्कल करण्यापेक्षाही मोठी चूक आहे असे मी मानते, कारण परीक्षेतील नकलेने नुकसान होते ते स्वतःचे, आणि इथे जी सवय हाताला लागते तिची किंमत पुढे खाटेवरचा माणूस मोजतो.

उत्तर २ (मेडिसिन वॉर्डातील सिस्टर इन्चार्ज)

मॅडमच्या शेवटच्या वाक्यावर मला माझा अनुभव सांगावासा वाटतो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी माझ्याकडे १४ खाटांचे टीपीआर (ताप, नाडी आणि श्वास यांची मोजणी) घेण्याचे काम होते. ताप मी मोजला, नाडीही मोजली, पण श्वास मोजायला प्रत्येक रुग्णामागे पूर्ण एक मिनिट लागते म्हणून त्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत २० लिहीत गेले. नवव्या खाटेवर शाहूवाडीकडचे एक आजोबा न्यूमोनियासाठी दाखल होते. ते उशीला टेकून बसले होते आणि बोलताना मध्येच थांबत होते. मला ते दिसत होते, तरीही मी २० लिहिले. थोड्या वेळाने आमच्या इन्चार्ज सिस्टर आल्या, आजोबांचे मनगट हातात धरून घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ३४ मोजले. लगेच ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावले आणि आजोबांना अतिदक्षता विभागात हलवले. ते वाचले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. चार्ट माझ्यापुढे धरून त्यांनी एवढेच विचारले, "हा २० तू कुठे मोजलास?"

प्रकृती बिघडू लागली की पुष्कळदा सर्वांत आधी श्वासाची गती वाढते, आणि विद्यार्थिनी सर्वांत जास्त गाळतात तो रकानाही नेमका तोच असतो. बाळा, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस. तसेच हातात धरून छातीकडे पाहत पुढचे एक मिनिट श्वास मोज. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो.

आमच्याकडे राधानगरी-गगनबावड्यापासून सिंधुदुर्ग आणि निपाणीपर्यंतचे रुग्ण येतात. कितीतरी नातेवाइकांना चार्ट वाचता येत नाही, ते फक्त आपल्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहून विश्वास ठेवतात. नखे कापलेली, केस बांधलेले, हातात बांगडी नाही, वॉर्डात मोबाइल नाही, रुग्णाचा फोटो कोणाच्याही स्टेटसला नाही, हे नियम मुलींना जाचक वाटतात. पण त्यांतला प्रत्येक नियम जंतुसंसर्गाशी किंवा रुग्णाच्या खासगीपणाशी बांधलेला आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण तुझा प्रश्न नोंदींचा आहे.

उत्तर ३ (एक पालक, गडहिंग्लज)

माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. तिनेही एकदा गावच्या यात्रेसाठी पोस्टिंग बुडवले होते आणि आम्हीच तिला बोलावले होते, ही आमची चूक होती. आईला सरळ फोन करून सगळे सांगावे. नऊ दिवस उशीर झाला तर घरची माणसे सांभाळून घेतात. आधी नीट सांगितलेले नसते म्हणून आम्हाला राग येतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आईशी बोलले, मावशी मदतीला येणार आहे. अर्ज उद्या देते. पण एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. राहिलेल्या पाच नोंदींपैकी दोन मी ताईंच्या केसबुकावरून आधीच उतरवल्या आहेत. ती पाने फाडून टाकू का?

उत्तर (शिक्षिका)

फाडू नकोस आणि व्हाइटनरही लावू नकोस. वॉर्डातील नोंद चुकते तेव्हा आपण जे करतो तेच इथे कर. मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मार, बाजूला "रद्द" लिहून तारीख घालून सही कर. मग केसबुक घेऊन स्वतः मॅडमकडे जा आणि त्यांनी विचारण्यापूर्वी सांग. त्या दोन नोंदी सुट्टीतल्या ९ दिवसांत खऱ्या रुग्णांवर पूर्ण होतील.