हिंदीतला ‘अणुभार’ मराठीत आणताना

सुपारीची राई:
श्रीवर्धन-मुरूडकडच्या बागायतदारांसाठी एक हिंदी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. विषय कोळेरोगावरचं, म्हणजे सुपारीची फळं कुजवणाऱ्या रोगावरचं, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची फवारणी). त्यात वाक्य आहे, ‘नीले थोथे का अणुभार २४९.५, तांबे का परमाणु भार ६३.५’. पहिल्या मसुद्यात ‘मोरचुदाचा अणुभार’ असंच गेलं. तपासणाऱ्याने समासात लिहिलं, ‘मोरचुदाचा अणू कुठल्या आवर्तसारणीत सापडला?’ बरोबर आहे. पण मग लिहू काय? रेणुभार, रेणुवस्तुमान, की आणखी काही?

निवळी:
हिंदीचा परमाणु तो आपला अणू आणि हिंदीचा अणु तो आपला रेणू. सगळी शिडीच एक पायरी सरकलेली. ‘आण्विक’ दिसलं तरी तीच खोच, तिथेही ‘रेणवीय’ करावं लागतं. तुम्ही रेणुवस्तुमान लिहा. भार म्हणजे वजन, ते न्यूटनमध्ये. शिवाय ‘विद्युतभार’ म्हणणारेही आहेतच, म्हणजे दुहेरी घोळ.

जुनी पाटी:
अणुभार-रेणुभारावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रसायन शिकल्या, कुणाचं गणित चुकलं नाही. आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना आजही आपला अधिकृत तक्ता ‘स्टँडर्ड अ‍ॅटॉमिक वेट्स’ या नावानेच काढते. त्यांना ‘वेट’ चालतं आणि सोवळं मात्र मराठीने पाळायचं!

निवळी:
‘वेट’ राहिलं ते सवयीने. मुद्दा ‘सापेक्ष’चा आहे, आणि तोच शब्द तुम्ही दोघांनीही गाळलात. १९६१पासून माप आहे कार्बन-१२च्या अणूचा बारावा भाग. त्याच्या किती पट, एवढंच हा आकडा सांगतो, म्हणून त्याला एकक नाही. पत्रकात २४९.५च्या पुढे ‘ग्रॅम’ असेल तर आधी तो खोडा. ग्रॅम येतो तो एक मोल, म्हणजे कणांची एक ठरावीक प्रचंड संख्या, म्हटल्यावर.

खाजणकाठ:
पण मोरचुदाला रेणू कुठे असतो? स्फटिकात तांब्याचे आणि सल्फेटचे आयन (प्रभारित कण), अधेमधे पाणी. मिठागरातल्या मिठाचंही तेच: ५८.५ हे रेणुवस्तुमान नव्हे, सूत्रवस्तुमान, म्हणजे सूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज.
बेरीज करून दाखवा पत्रकात. मोरचुदाचं सूत्र CuSO₄·5H₂O. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, झाले १५९.५. पाण्याचे पाच रेणू, प्रत्येकी १८, म्हणजे ९०. एकूण २४९.५. सूत्रातल्या पाण्याआधीच्या टिंबाला गुणाकार समजून १५९.५ गुणिले ९० करणारे दरवर्षी भेटतात! विरलेल्या चुन्यात, Ca(OH)₂मध्ये, कंस फसवतो. बाहेरचा दोन ऑक्सिजनलाही लागू आहे. ४० अधिक दोनदा १७, म्हणजे ७४. तो दोन फक्त हायड्रोजनला लावला की ५८ येतात.

आगरवाडी:
बागेत हा आकडा कशाला लागतो ते सांगतो. निळे खडे एक किलो घेतले तर त्यात निर्जल क्षार ६४० ग्रॅमच्या आसपास, बाकी पाणी. नुसतं तांबं सुमारे २५४ ग्रॅम. खडे सोडून पांढरी निर्जल पूड त्याच मापाने टाकली की तांबं दीडपटीहून जास्त पडतं.
चुन्याचंही बघा. किलोभर मोरचुदातल्या सगळ्या तांब्याचं हायड्रॉक्साइड करायला कागदावर विरलेला चुना ३०० ग्रॅम पुरतो. शिफारस मात्र १०० लिटरला मोरचूद एक किलो आणि कळीचा चुनाही एक किलो, कारण चुना शुद्ध मिळत नाही आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून निम्मा-अर्धा पुन्हा चुनखडीच होऊन बसलेला असतो. म्हणून लखलखीत सुरी मिश्रणात बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर धरला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. त्याच कारणाने लोखंडी पिंप वापरायचं नाही.

जुनी पाटी:
छान. पण चर्चा शब्दाची आहे. ‘रेणू’ म्हणजे मुळात धूळ. वैशेषिकांकडे, म्हणजे कणांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, परमाणू, दोन मिळून द्व्यणुक, अशी तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, त्यालाच त्रसरेणू म्हणत, कवडशात तरंगताना दिसतो तो कण. म्हणजे ‘परमाणु’ सर्वांत लहान ठेवणारी हिंदीच परंपरेला धरून आहे. सरकलो आपण.

निवळी:
मग दोन अणूंच्या हायड्रोजनला द्व्यणुक म्हणा आणि सहा परमाणूंखाली रेणू मोजू नका. परिभाषा वापराने ठरते, कवडशाने नाही.

खाजणकाठ:
वापराचंच म्हणाल तर शालेय पुस्तकातले ‘अणुवस्तुमान’ आणि ‘अणुवस्तुमानांक’ आधी निस्तरा. शेपटीला ‘अंक’ लागला की पूर्णांक, म्हणजे एका अणूतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची संख्या, नाहीतर सरासरी. तांब्याचे अणू ६३ नाहीतर ६५ अंकाचे, साधारण ६९ आणि ३१ टक्के. ६३.५ अंकाचा एकही नाही. बरं, हे पूर्णांक धरून सरासरी काढली तर ६३.६२ येते, तक्त्यात ६३.५५ आहे. कारण त्या अणूंची खरी वस्तुमानं ६२.९३ आणि ६४.९३ आहेत.

रापण:
अणू लिवा नायतर रेणू, कोळेरोगाक काय फरक पडणा नाय. ‘निळाथोथा’ लिवा, दुकानदाराक कळता.

जुनी पाटी:
निळाथोथा हिंदीची उसनवारी. मोरचूद म्हणजे मयूरतुत्थ, अस्सल.

निवळी:
थोथाही त्याच ‘तुत्था’तून आला. दोघे सख्खे भाऊ.

सुपारीची राई:
मोरचूद ठेवते, कंसात निळाथोथा. २४९.५च्या आधी काय ते मात्र अजून कळलं नाही. सूत्रवस्तुमान बागायतदाराला समजेल का?

जुनी पाटी:
ते नंतर. मसुद्यात ‘मोरचुदाचा’ असा ऱ्हस्व चु आहे ना? तपासा.