मॅल मेनिंगाला क्लबचं कोचिंग जमलं नाही, मग क्वीन्सलँडला एवढं कसं जमलं?

मैदानवेडा:
मंडळी, जुन्या स्टेट ऑफ ओरिजिन मॅचेस (ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही तीन मॅचची सिरीज, प्लेयर क्लब सोडून आपापल्या राज्याकडून खेळतात) बघायचा सपाटा लावलाय आणि एक गोष्ट काही केल्या उलगडत नाहीये. मेनिंगा प्लेयर म्हणून काय होता ते सांगायला नको, १९८० ची पहिली ओरिजिन मॅच त्याच्या विसाव्या वाढदिवशी झाली आणि पठ्ठ्याने सातपैकी सात गोल (किक मारून) केले, पुढे कॅनबेरा रेडर्स या क्लबकडून १९८९, १९९० आणि १९९४ ची विजेतेपदं. मग १९९७ ते २००१ त्याच रेडर्सचा कोच होता तर ग्रँड फायनलसुद्धा गाठता आली नाही. आणि २००६ ला क्वीन्सलँड हातात घेतलं तर सलग आठ सिरीज! की थर्स्टन, स्मिथ, इंग्लिस असले प्लेयर्स मिळाल्यावर कोणीही जिंकलं असतं?

सहावा_टॅकल:
कोणीही जिंकलं असतं हे अजिबात पटत नाही. तो आला तेव्हा न्यू साउथ वेल्स सलग तीन सिरीज जिंकून बसलं होतं, आणि इंग्लिसची तर ती पहिलीच ओरिजिन होती. २००६ ची पहिली मॅच १७-१६ ने गेली, मग दुसरी जिंकली, आणि तिसरी मेलबर्नला, तीही हातातून जवळपास गेलेलीच, शेवटी न्यू साउथ वेल्सच्या हॉजसनचा पास भरकटला, आपल्या क्वीन्सलँडच्या लॉकयरने बॉल उचलला नि ट्राय (बॉल गोललाइनपलीकडे टेकवून मिळणारे गुण), १६-१४. तो एक पास नीट गेला असता तर सलग आठ वगैरे काही राहिलंच नसतं.

रेडर्स_८९:
मला वाटतं ही दोन कामंच वेगळी आहेत आणि याचा पुरावा म्हणजे क्रेग बेलामी. तोही रेडर्सचाच, मेनिंगाच्या वेळचा, पण ऑस्ट्रेलियाकडून कधी खेळला नाही, ब्रिस्बेन क्लबला कोच वेन बेनेटच्या हाताखाली असिस्टंट म्हणून घडला, आणि २००३ पासून मेलबर्न स्टॉर्म हा क्लब सांभाळतोय. क्लब कोच म्हणून त्याच्या तोडीचा कोण आहे सांगा. तोच बेलामी २००८, २००९, २०१० अशी तीन वर्षं न्यू साउथ वेल्सचा कोच होता आणि तिन्ही सिरीज हरला, समोर कोच मेनिंगा, आणि मैदानात क्वीन्सलँडकडून स्मिथ, स्लेटर, इंग्लिस, म्हणजे त्याने स्वतः स्टॉर्मला रोज घासूनपुसून तयार केलेली पोरं! क्लबचा कोच म्हणजे प्री-सीझनपासून रोजचा सराव, सॅलरी कॅपमध्ये (प्लेयर्सच्या एकूण पगारावरची मर्यादा) कोणाला ठेवायचं कोणाला सोडायचं, एकेकाची टॅकलची सवय मोडून नवी लावायची. ओरिजिनला कॅम्प जेमतेम आठवडा-दहा दिवसांचा, तिथे नवीन शिकवायला वेळच नसतो, एरवी एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांना क्वीन्सलँडच्या त्या मरून जर्सीसाठी एक करायचं असतं, आणि त्यासाठी मेनिंगापेक्षा योग्य माणूस कुठून आणणार?

मैदानवेडा:
बेलामीचं लक्षातच आलं नव्हतं, हे भारी आहे. पण मग डावपेच कोण ठरवायचं?

सहावा_टॅकल:
त्यासाठी तो चांगले असिस्टंट घ्यायचा, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. त्याच्या आधीचा क्वीन्सलँडचा कोच मायकल हेगन, तोही नंतर त्याच्या हाताखाली काम करायला आला. आणि ऑस्ट्रेलियाच्या टीमचंही बघा ना, तेही कॅम्पचंच काम, तिथे मेनिंगाने २०१७ आणि २०२२ चे दोन्ही वर्ल्ड कप जिंकून दिले. तुम्ही आता २००८ ची तिसरी मॅच बघा, सिरीज १-१ असताना सिडनीत जाऊन जिंकलेत.