'नॅशनल कल्चरल आयकॉन'ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका
एका पुस्तिकेच्या भाषांतरात अडले आहे. इंग्लंडमध्ये २००६ साली सरकारी पैशातून 'आयकॉन्स' नावाचा उपक्रम झाला. इंग्लंड म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं, ते लोकांनी सुचवायचं होतं. पहिल्या १२ गोष्टींच्या यादीत स्टोनहेंजचं प्राचीन शिळावर्तुळ, दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान, लंडनची लाल दुमजली रूटमास्टर बस, पंच आणि ज्यूडीचा बाहुल्यांचा खेळ, होल्बाइनने रंगवलेला आठवा हेन्री आणि चक्क चहाचा कप होता. मी 'राष्ट्रीय सांस्कृतिक प्रतीक' असं लिहिलं. संपादकांनी 'प्रतीक' खोडून 'मानचिन्ह' केलं. चहाच्या कपाला मानचिन्ह म्हणवत नाही. स्पर्धेत मिळालेली ढाल वाटते ती. तुम्ही काय लिहाल?

शब्दनिष्ठ
प्रतीकच ठेवा, मागे हटू नका. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'अङ्गं प्रतीकोऽवयवः' असं आहे. प्रतीक म्हणजे अवयव, भाग. श्लोकाच्या पहिल्या शब्दांनाही प्रतीक म्हणतात, कारण तेवढे उच्चारले की सगळा श्लोक आठवतो. चहाचा कप पाहून इंग्लंड आठवत असेल तर याहून नेमका शब्द नाही.

रोजची मराठी
अर्थ बरोबर आहे, पण आज 'प्रतीक' वाचून कुणाला अमरकोश आठवतो? कबुतर शांतीचं प्रतीक, अशीच सवय आहे. बस कशाचं प्रतीक? ती बसच आहे आणि लोकांना ती बस म्हणूनच प्रिय आहे. सरळ 'आयकॉन' लिहा. निवडणूक आयोग मतदार जागृतीसाठी 'स्टेट आयकॉन' नेमतो, मराठी बातम्यांत ते तसंच छापून येतं आणि सगळ्यांना कळतं.

शब्दनिष्ठ
कळतं म्हणून घ्यायचं ठरवलं असतं तर आज आपण 'मेयर'च म्हणत असतो. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसलेच असतील. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

तुळशीबाग
माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जात आहेत. एक सरकारने ठरवलेलं आणि एक लोकांनी मानलेलं. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, वाघ १९७३ पासून राष्ट्रीय प्राणी. त्याआधी तो मान सिंहाकडे होता. हे झालं चिन्ह. निर्णय झाला की ते बदलतं. आता हॉकी घ्या. पिढ्यान् पिढ्या शाळेत आपण 'राष्ट्रीय खेळ हॉकी' असं पाठ केलं. २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. म्हणजे कागदावर नसलेली गोष्ट सगळ्या देशाने खरी मानली होती.

आमच्या पुण्यात हा फरक फार स्वच्छ दिसतो. मानाचे गणपती पाच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. दगडूशेठ त्यात नाही. पण बाहेरगावचा माणूस पुण्यात उतरला की रिक्षावाल्याला दगडूशेठच सांगतो. मान एकाकडे, ओळख दुसऱ्याकडे, आणि पुणेकर दोन्ही जपतात. तेव्हा माझं मत 'राष्ट्रीय ओळख'. घरगुती शब्द आहे, पण नेमका आहे.

पतंजलीप्रेमी
'अस्मिता' कुणी कसा सुचवला नाही? अर्थात माझा त्याला विरोधच आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता, म्हणजे मीपणा, हा पाच क्लेशांपैकी एक आहे, अविद्येच्या पाठोपाठ येणारा. तो शब्द आपण अभिमानाने मिरवतो याचं मला वाईट वाटतं.

डबलडेकर
बसवरून सांगतो. रूटमास्टर लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून डिसेंबर २००५ मध्ये काढली आणि महिन्याभरात ती या यादीत आली. मुंबईत १९३७ पासून धावणारी जुन्या धाटणीची लाल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली, तेव्हा अंधेरीत तिला हार घातले, लोकांनी फोटो काढले. वरच्या मजल्यावरची पुढची सीट, उघड्या खिडकीतून तोंडावर येणारा वारा, जिन्यात एका हाताने दांडा धरून तिकीट फाडणारा कंडक्टर. ती रोज धावत होती तेव्हा आम्ही तिला उशिराबद्दल शिव्याच देत होतो. जाणारी वस्तूच अशी डोक्यावर घेतली जाते असं मला वाटतं. म्हणून मी 'ठेवा' म्हणेन.

गोंयकार
ठेवा म्हटलं की आपल्याच परसात पुरलेला वाटतो. त्या यादीत इंग्लंडचं मूळचं किती आहे ते पाहा. चहा चीनचा, पंच इटलीच्या पुलचिनेल्लाचा वंशज, होल्बाइन जर्मन. त्याच यादीत एम्पायर विंडरश हे जहाजही आहे. १९४८ मध्ये ते कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलं, आणि ते बांधलेलं हॅम्बुर्गचं.

आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो. मागे बांबूची पाटी, त्यावर निळं प्लास्टिक, आत गरम पाव. याहून गोंयचं काय असतं? तरी 'पाव' शब्द पोर्तुगीज. मुंबईच्या वडापावात पाव पोर्तुगीज, बटाटा नि मिरची अमेरिका खंडातली. वडापाव मराठी नाही असं म्हणून पाहा दादर स्टेशनबाहेर! वस्तू कुठून आली यावर काही ठरत नाही, ती कुणाच्या सकाळीत शिरली यावर ठरतं.

शब्दनिष्ठ
तुमचं म्हणणं मान्य, पण हाच न्याय शब्दांना लावून तुम्ही 'आयकॉन'ला मागच्या दाराने आत घेता आहात. पावाला दुसरा शब्द नव्हता म्हणून 'पाव' घेतला. इथे प्रतीक आहे, ओळख आहे, खूण आहे.

रोजची मराठी
पाव आला तेव्हा भाकरी होतीच की.

वऱ्हाडकर
ठरवतं कोण, हा प्रश्न मला जास्त टोचतो. आपलं राज्यफूल ताम्हण. आमच्याकडे फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटतो, होळीचा रंग त्याच्याच फुलांचा. ताम्हण मी पहिल्यांदा पुण्यात शिकायला आलो तेव्हा पाहिलं, तेही कुणी दाखवलं म्हणून. सुंदर आहे, वाद नाही. पण यादी करताना कुणाच्या अंगणात उभं राहून केली, ते दिसतं.

तुळशीबाग
ताम्हणावरून आठवलं. पूजेचं ताम्हण तांब्याचं म्हणून ताम्हण, हे समजतं. फूल तर जांभळं आहे. झाडाला हे नाव कशावरून पडलं असेल?