विषय: दिवाळी कार्यक्रमातली मुलाखत – प्रश्न हवेत

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,
फराळानंतर पाऊण तास गप्पा आहेत. पाहुण्या दोघी: एक शास्त्रीय गायिका, एक चित्रपट दिग्दर्शिका. एकमेकींशीच बोलतील, मी मध्ये नावापुरता. गुरुवारपर्यंत प्रश्न पाठवा. आतापर्यंत नऊ आलेत, त्यातले सहा ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हेच. दया करा.

प्रेषक: साउंडवाला

दादा, प्रेरणेबद्दल विचारलं की माणूस पाठ झालेलं उत्तर देतो, तो तरी काय करणार? विचारावं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं रहस्यपटवाल्या हिचकॉकला विचारलं तसं. १३ ऑगस्ट १९६२, हिचकॉकचा त्रेसष्टावा वाढदिवस. त्रुफो तिशीचा, इंग्रजी जेमतेम, म्हणून सोबत हेलन स्कॉट दुभाषी. इथल्या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओत (हो, फ्रीवेवरून आपल्याला रोज दिसतो तोच) बसून आठवडाभर बोलले. पुस्तक यायला १९६६ उजाडलं.

त्रुफोनं एकेक चित्रपट क्रमानं घेतला. हा कसा सुचला, पटकथा कशी बांधली, चित्रीकरणात कुठे अडलं, आता बघताना कसा वाटतो? मग उत्तरंही तशीच येतात. ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) कॅरी ग्रँट अंधाऱ्या जिन्यानं बायकोसाठी दुधाचा ग्लास वर नेतो. त्यात विष असेल का, एवढीच आपल्याला धास्ती. हिचकॉक सांगून टाकतो की ग्लासात बल्ब ठेवला होता, नजर तिथून हलू नये म्हणून.

त्याहून मला आवडतं ते ‘सबोटाज’बद्दलचं (१९३६). पोरगा बॉम्बचं पुडकं घेऊन लंडनभर रेंगाळतो, त्याला पत्ताच नाही. बसमध्ये स्फोट होतो, पोरगं जातं. प्रेक्षकांचा त्याच्यावर जीव जडला होता, त्याला मारायला नको होतं, चूक झाली, असं हिचकॉक स्वतःच म्हणतो. आणि त्रुफो ‘छे छे, उत्तमच आहे’ असं म्हणून सारवासारव करत नाही. धंद्यातला माणूस समोर असला की हे जमतं. आपण सगळे नुसतेच चाहते.

आपल्या मुलांसाठी हेलन स्कॉट कोण होणार, तेही ठरवा.

प्रेषक: फराळ समितीतली मावशी

बाळा, बल्बचं छान आहे, मुलांनाही आवडेल. पण घरी बोलावलेल्या पाहुण्याला चुका काय विचारायच्या? चकली बिघडली तर मीसुद्धा चारचौघांत सांगणार नाही.

प्रेषक: पेटीवाला

मावशी, तुम्ही स्वयंपाकघरात मात्र सांगता. मोहन कमी पडलं, पीठ जुनं होतं, सगळं. ऐकणारी स्वतः चकल्या करणारी हवी, एवढंच.

गेल्या वर्षी एका गायकाला साथ करायची होती. स्टेजवर त्यांचं भाषण अगदी गुळगुळीत झालं. त्याआधी आत मात्र तंबोरा लावताना अर्धा तास बोलत होते. एसीनं तारा उतरत होत्या. मालकंस राग गायचा म्हणून पहिली तार मध्यमाला लावली, मग घोडीवरचा जवारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा, दोरा नखानं सरकवत बसले. केसभर इकडे झाला की आवाज बोथट, केसभर तिकडे की नुसती झणझण. मध्येच म्हणाले, पंधरा वर्षं मी दुसऱ्याचाच आवाज काढत होतो, कळलं तेव्हा चाळिशी उलटली होती. मी काहीच विचारलं नव्हतं, फक्त खुंटी धरून बसलो होतो.

माझं म्हणणं, प्रश्नांची यादी राहू दे. गायिकाबाईंना स्टेजवरच तंबोरा लावू दे, शेजारी दिग्दर्शिकाबाईंना बसवा, माईक चालू ठेवा. त्यांना जे विचारावंसं वाटेल ते विचारतील.

मंडळाच्या तंबोऱ्याचे, तारा बारीक जुळवायचे दोन मणी हरवलेत. कोणाच्या पेटीत गेले असतील तर शनिवारी घेऊन या.